भारतीय विकृतिशास्त्राचे जनक डॉ. वसंत खानोलकर

भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतकीय कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रातील पदवी संपादन करून ते मायदेशी परतले आणि मुंबईत अध्यापन करू लागले.

१९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. खानोलकर यांच्याकडे सोपविण्यात आली. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या गाठीचा पातळ छेद घेऊन, त्यास रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे विकृतितज्ज्ञाचे नित्याचे काम. गाठीतील पेशी भोवतालच्या संयोजी ऊतीत शिरल्या आहेत काय, यावरून रोगाचे गांभीर्य ठरते. विशिष्ट रंगद्रव्यांमुळे त्या ऊतीतील लवचीक तंतूही वेगळे ओळखता येतात. जयपूर असो वा मुंबई, पशुवैद्यकांच्या प्रयोगशाळेत कुत्रीच्या स्तनग्रंथीतील गाठ तपासण्याची रीतही हीच आहे.

मात्र डॉ. खानोलकर यांची दृष्टी काचपट्टीपुरती मर्यादित राहिली नाही. गाठ कोणाला झाली आणि ती व्यक्ती कशी जगते, याचाही त्यांनी शोध घेतला. चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावरील त्यांचा व डॉ. सूर्याबाई यांचा शोधनिबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने होणारा त्वचेचा कर्करोग, तसेच तंबाखू व चुन्याची गोळी खालच्या ओठाआड धरल्याने होणारा कर्करोग यांची नोंद त्यात आहे. पारशी स्त्रियांत स्तनाच्या, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याकडेही त्यांनी लक्ष वेधले. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधनही महत्त्वाचे मानले जाते.

सवयींचा हा धागा पुढे अधिक स्पष्ट झाला. तोंडातील अस्तराखालची संयोजी ऊती कठीण होऊन तोंड उघडेनासे होणाऱ्या विकाराचे वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. या विकारात कोलॅजनचे तंतू दाटतात आणि ऊतीची लवचीकता नष्ट होते. सुपारी हे त्याचे मुख्य कारण असल्याचे आज सिद्ध झाले असून, त्यातील काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो. सुपारी व तंबाखू टाळल्यास हा धोका बव्हंशी टळू शकतो.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. पद्मभूषण आणि राष्ट्रीय प्राध्यापक हे सन्मानही त्यांना लाभले.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संकुलातील 'खानोलकर शोधिका' ही वास्तू त्यांच्या नावाने ओळखली जाते.