अल-बिरुनी : पाण्याच्या साक्षीने खरं-खोटं ओळखणारा आलिम

विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर आली की दोर हाताला काचतो. घागर तीच, मग फरक कशाचा? पाणी तिला खालून वर उचलत असतं. वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितक्या वजनाने ती पाण्यात हलकी भासते. हा नियम ग्रीक विद्वान आर्किमिडीजचा. त्याच्या जोरावर धातू आणि रत्नांची बारकाईने मोजणी केली ती अबू रैहान अल-बिरुनी यांनी.

त्यांचा जन्म सन ९७३ (हिजरी ३६२) मध्ये ख्वारिज्ममध्ये, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानात झाला. १०१७ साली सुलतान महमूद गझनवीने ख्वारिज्म घेतलं आणि बिरुनींना गझनीला नेलं. वतन सुटलं, पण इल्मची ओढ सुटली नाही. ते संस्कृत शिकले, 'किताबुल हिंद' लिहिली.

रत्न न फोडता, सोनं न वितळवता ते अस्सल आहे की नाही, हे कसं ओळखायचं? बिरुनींनी एक खास भांडं वापरलं. त्याला बाजूला बारीक नळी होती. भांडं काठोकाठ भरायचं, वस्तू आत सोडायची, नळीतून सांडलेलं पाणी तोलायचं. पण थोडं पाणी नळीतच चिकटून राहायचं आणि हिशोब चुकायचा. ते थांबले नाहीत. नळीत पुन्हा पुन्हा सुधारणा करत राहिले.

हिशोब सोपा आहे. १०० ग्रॅम शुद्ध सोनं सुमारे ५ ग्रॅम पाणी सारतं, म्हणून पाण्यात ते ९५ ग्रॅम भरतं. १०० ग्रॅम तांबं सुमारे ११ ग्रॅम पाणी सारतं, ते ८९ ग्रॅमच भरतं. सोन्यात तांबं मिसळलं असेल तर पाणी ती चोरी लगेच उघड करतं.

पुढे ११२१ साली मर्वच्या अल-खाजिनी यांनी 'मीजानुल हिक्मा' या ग्रंथात बिरुनींची ही मोजमापं जपली आणि भेसळ पकडणाऱ्या तराजूचं वर्णन केलं.

मापात खोट करू नका, ही आपल्या दीनची ताकीद. बिरुनींनी ती प्रयोगातही पाळली. त्यांच्या नावाचा नुसता अभिमान बाळगून काय उपयोग? आज मुलांसोबत बादलीत दोरीने दगड सोडा. आत किती हलका, बाहेर किती जड, ते त्यांच्या हाताला कळू द्या.