तारेविना ऐकणारा कान : आचार्य जगदीशचंद्र बोस

भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी श्यामला टेकडी आहे. या टेकडीवर आकाशवाणीचे केंद्र आहे आणि आंचलिक विज्ञान केंद्रही आहे. एकेकाळी या शहरातील घराघरांत सकाळ रेडिओच्या आवाजाने उजाडत असे. आजच्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या मेजावर रेडिओ नसतो. तळहातावर मावेल एवढी धातूची डबी असते. भ्रमणध्वनीतून ब्लूटूथने आलेले गाणे ती हवेतून झेलते, त्यातील अंकांचे विद्युतप्रवाहात रूपांतर करते आणि तो क्षीण प्रवाह हेडफोनला पुरेल इतका वाढवते. तिला हेडफोन ॲम्प्लिफायर म्हणतात. तिच्या तीन कामांपैकी पहिले काम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी लहर पकडून कानाच्या स्वाधीन करणे, ज्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातील एका मेजावर आरंभिले, त्यांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव अग्रभागी आहे. त्या डबीवर मात्र ते नाव कोठेही नसते. असे का घडले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी सेवेतील अधिकारी व ब्राह्म समाजाचे अनुयायी होते. इंग्रजी शाळेचा मोह प्रतिष्ठित घराण्यांना पडू लागलेल्या त्या काळात त्यांनी मुलाला मातृभाषेच्या शाळेत घातले. तेथे कोळ्याचा मुलगा आणि मुसलमान चपराशाचा मुलगा त्याच्या शेजारी बसत. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांच्या प्रयोगांनी त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. १८८० मध्ये ते वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले. परंतु अंगात मुरलेल्या तापाने तो अभ्यास सोडावा लागला. मग केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात लॉर्ड रॅले यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी मिळवली.

१८८५ मध्ये ते मायदेशी परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. हिंदी अध्यापकाला युरोपीय अध्यापकाच्या दोनतृतीयांश वेतन द्यावे, असा तेव्हा दंडक होता. त्यातही हंगामी नेमणूक असल्याने जगदीशचंद्रांच्या वाट्याला त्याचेही अर्धेच येणार होते. त्यांनी शिकवण्यात खंड पडू दिला नाही, मात्र तीन वर्षे वेतनाला हात लावला नाही. घरी वडिलांच्या कर्जाचा डोंगर होता आणि १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी विवाह होऊन संसारही सुरू झाला होता. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. पूर्ण दराने मागील थकबाकी हाती आली आणि ती त्यांनी कर्जफेडीस लावली.

संशोधनाला मात्र जागाही नव्हती आणि पैसाही नव्हता. १८८८ मध्ये हाइनरिश हर्ट्‌झ यांनी विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध केले होते. १८९४ मध्ये ऑलिव्हर लॉज यांचे त्या विषयावरील लेखन जगदीशचंद्रांच्या वाचनात आले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी याच क्षेत्राला वाहून घेतले. महाविद्यालयातील सुमारे चोवीस चौरस फुटांची खोली ही त्यांची प्रयोगशाळा आणि एक स्थानिक कारागीर हा त्यांचा साहाय्यक.

या अडचणीतूनच त्यांची दृष्टी घडली असे म्हणावेसे वाटते. हर्ट्‌झ यांच्या लहरी लांब असल्याने त्यांना डांबराचा अजस्र लोलक वापरावा लागला होता. जगदीशचंद्रांनी लहरीच आखूड केल्या. लहर जितकी आखूड, तितके तिला पाठवणारे व झेलणारे साधन लहान, हे त्यामागील साधे तत्त्व. त्यांनी सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि सारी उपकरणे एका मेजावर मांडली. लहरींना दिशा देणाऱ्या नळ्या व शिंगाच्या आकाराचे कर्णे त्यांनी स्वतः घडवले. लहरींचे ध्रुवण तपासायला पीळ दिलेला ताग वापरला; एवढेच नव्हे, तर पानापानांत कथिलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रकही वापरले. आजचे ब्लूटूथ सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर चालते. त्याचा ॲंटेना बोटाच्या पेराएवढ्या जागेत मावतो, तो याच तत्त्वामुळे.

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी प्रांताच्या नायब राज्यपालांसमोर जाहीर प्रयोग केला. तारेचा कोणताही दुवा नसताना लहरी भिंतींआड पोहोचल्या, तेथे घंटा वाजली आणि दारूचा स्फोट झाला. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हीच उपकरणे विद्वानांपुढे मांडली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वर्ष १८९९. तोवर लहर ओळखण्यासाठी कोहिअरर नावाची धातूच्या किसाची नळी वापरत. लहर आली की किस चिकटून प्रवाह वाहू लागे; परंतु पुढची लहर ओळखण्याआधी नळीला दर वेळी टिचकी मारून किस मोकळा करावा लागे. जगदीशचंद्रांनी रॉयल सोसायटीपुढे आपोआप पूर्वस्थितीला येणारे साधन मांडले. त्यात लोखंड व पारा यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर होता आणि त्याला जोडला होता टेलिफोनचा कानाला लावायचा भाग. आता टिचकीची गरज उरली नाही. प्रत्येक स्पंद कानात खट्‌ असा ऐकू येऊ लागला. बिनतारी लहर आणि माणसाचा कान यांची अशी सांगड बसली.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर गुल्येल्मो मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला संकेत ऐकल्याचे जाहीर केले. तेव्हा त्यांच्या कानाशी टेलिफोनचाच श्रवणभाग होता आणि त्याला पाऱ्याचे साधन जोडलेले होते. हे साधन त्यांना इटलीच्या नौदलातील स्नेह्याकडून मिळाले होते. त्याचे मूळ जगदीशचंद्रांच्या १८९९ च्या निबंधात असल्याचे पुढे काही अभ्यासकांनी साधार मांडले. १९०९ च्या नोबेल पारितोषिकाचा मान मार्कोनी व ब्राउन यांना मिळाला.

जगदीशचंद्रांना संधी आली नव्हती असे नाही. १९०१ मध्ये लंडनमध्ये तारयंत्र व्यवसायातील एका धनाढ्याने एकस्व घेऊन नफा वाटून घेण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला. ज्ञानाचा सौदा त्यांना रुचला नाही आणि तशी खंत त्यांनी आपले मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना पत्राने कळवली. पुढे भगिनी निवेदिता व सारा बुल यांच्या आग्रहाखातर गॅलेना या शिशाच्या खनिजावर आधारलेल्या शोधकाचे अमेरिकी एकस्व घेतले गेले. ते २९ मार्च १९०४ रोजी मंजूर झाले. त्याचाही त्यांनी आर्थिक लाभ घेतला नाही. अर्धवाहकावर आधारलेल्या साधनाचे ते आद्य एकस्व मानले जाते. पुढे गॅलेनाचा स्फटिक आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर, विजेशिवाय चालणारे रेडिओ घरोघरी बनू लागले. क्षीण प्रवाह वाढवण्याची विद्या वेगळ्या हातांनी, ली डी फॉरेस्ट यांच्या निर्वात नळीतून, आली. तिचे श्रेय जगदीशचंद्रांना देण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांचे चित्त वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले आणि बिनतारी विद्येचे क्षेत्र त्यांनी जवळपास सोडलेच. १९१७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी आपल्या वाढदिवशी त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर स्थापन केले आणि तेथील शोध सर्वांचे असतील, त्यांवर एकस्व घेतले जाणार नाही, अशी घोषणा केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

या निर्मोहाची किंमत त्यांच्या कीर्तीने मोजली, हे नाकारता येत नाही. एकस्वावर नाव राहते, निबंधातले नाव मात्र अभ्यासकांपुरते उरते. अर्धवाहकांच्या बाबतीत ते काळाच्या साठ वर्षे पुढे होते, असा निर्वाळा नोबेलविजेते नेव्हिल मॉट यांनी दिला खरा. पण तोवर त्यांच्या निधनाला कित्येक वर्षे लोटली होती. प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील त्यांच्या प्रयोगांना विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने मैलाचा दगड म्हणून गौरवले, ते २०१२ मध्ये.

तरीही त्यांनी जे मोकळे सोडले, ते वाया गेले नाही. भोपाळात असो वा गोव्यात, रात्री घरच्यांची झोप न मोडता मेजावरच्या डबीतून भीमसेन जोशी ऐकणारा तरुण जी विद्या वापरतो, तिच्या पायाचे काही दगड त्या चोवीस फुटी खोलीत घडले. ३० नोव्हेंबरला हेडफोन कानाला लावताना त्या खोलीची आठवण एकदा तरी व्हावी.