बांदिवड्याची लेक, मराठी रंगभूमीची कुलवधू : ज्योत्स्ना भोळे

वास्को : श्री दामोदर भजनी सप्ताहातील गायनाच्या बैठका असोत वा पेडणे-डिचोलीतील देवळांच्या उत्सवी रंगमंचावरील संगीत नाटके, नाट्यपदाचे सूर कानी पडले की गोमंतकीय रसिकाची पावले आजही थबकतात. हे वेड जोपासणाऱ्या कलावंतांच्या मालिकेत ज्योत्स्ना भोळे यांचे नाव अग्रभागी आहे.

फोंडा तालुक्यातील बांदिवडे येथे ११ मे १९१४ रोजी केळेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव दुर्गा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता आणि कलेची वाट धरू पाहणाऱ्याला मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुर्गाही लहान वयातच मुंबईस गेली. तेथे तिला आग्रा घराण्याच्या गायकीची तालीम मिळाली. पुढे संगीतकार केशवराव भोळे यांच्याशी विवाह होऊन ती ज्योत्स्ना भोळे झाली. बोलपटाच्या आरंभीच्या काळात त्या पडद्यावरही आल्या. परंतु त्यांचे खरे घर रंगभूमी हेच ठरले.

त्या काळी रंगमंचावरील नायिका बहुधा पुरुषच साकारीत. स्त्रीने नाटकात काम करणे समाजाला रुचत नव्हते. अशा वेळी १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकाचे श्री. वि. वर्तक यांनी केलेले ते रूपांतर. विवाहापूर्वीच्या शुचितेची अपेक्षा केवळ स्त्रीकडूनच का, असा रोखठोक प्रश्न त्याने विचारला होता. रात्रभर चालणाऱ्या पदांच्या मैफलीऐवजी आटोपशीर प्रयोग, वास्तव वाटणारे नेपथ्य, मोजकी पदे आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रियाच, हे सारे नवे होते. अवघ्या १९ वर्षांच्या ज्योत्स्नाबाईंनी त्यातील बिंबा रंगवली. तान मारून टाळ्या घेण्याचा मोह टाळून प्रसंगाच्या गरजेपुरते गाणे, हे त्यांच्या अभिनयाचे बलस्थान याच नाटकात प्रथम दिसले.

१९४२ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. स्त्रीभूमिकांनी रंगभूमी गाजवलेले मंगेशीचे मास्टर दीनानाथ त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात निवर्तले, आणि त्याच वर्षी मो. ग. रांगणेकर यांच्या ‘नाट्यनिकेतन’ने ‘कुलवधू’ रंगमंचावर आणले. एकाच फोंडा तालुक्यातील या दोन कलावंतांच्या रूपाने मराठी रंगभूमीचे दोन कालखंड जणू एकमेकांना भेटले. ‘कुलवधू’ची नायिका भानुमती ही चित्रपटात काम करणारी विवाहिता. पत्नीचा लौकिक पतीला सलू लागतो आणि संसाराला तडे जातात. स्वाभिमान न सोडता कुलवधूपण जपणारी ही स्त्री ज्योत्स्नाबाईंनी विलक्षण संयमाने उभी केली. अभिनेत्री आणि कुलवधू ही दोन नावे एकाच स्त्रीला शोभू शकतात, हे प्रेक्षकांना पटवणे तेव्हा सोपे नव्हते. मास्टर कृष्णराव यांच्या संगीतातील या नाटकाची भैरवी तर घरोघरी पोहोचली.

‘भूमिकन्या सीता’ या मामा वरेरकरांच्या नाटकातील त्यांची ऊर्मिलाही रसिकांच्या स्मरणात राहिली. रामायणाने फारसे बोलू न दिलेल्या या स्त्रीच्या दुःखाला त्यांच्या स्वराने वाचा दिली. भावगीताच्या क्षेत्रातही त्यांनी स्वतंत्र ठसा उमटवला. राजा बढे यांचे शब्द आणि पु. ल. देशपांडे यांची चाल लाभलेले त्यांचे माहेराचे गीत ऐकताना सासुरवाशिणींचे डोळे पाणावत. ‘आराधना’ हे नाटकही त्यांनी लिहिले.

५ ऑगस्ट २००१ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुण्यातील हिराबाग परिसरात त्यांच्या नावाचे सभागृह आहे. गोव्यातील उत्सवी नाटकांत आज लेकीसुना निःसंकोच उभ्या राहतात. ही वाट ज्या मोजक्या स्त्रियांनी टीका सोसून मोकळी केली, त्यांत बांदिवड्याच्या या लेकीचा वाटा मोठा आहे.