कै. डॉ. कमलाबाई रणदिवे

कमलाबाई पुण्याच्या समर्थांची लेक. जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. मुलीने डॉक्टर व्हावे, जावईही डॉक्टरच मिळावा, असा वडिलांचा बेत होता. बाई मात्र वनस्पतिशास्त्राकडे वळल्या आणि १९३९ साली त्यांनी लग्न केले ते गणिती रणदिव्यांशी! यजमानांच्या पाठिंब्याने पुढे सीताफळाच्या कुळातील झाडांची गुणसूत्रे अभ्यासून त्या एम्. एस्सी. झाल्या.

मुंबईस डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. म्हणजे डॉक्टर झाल्याच, पण वेगळ्या अर्थाने. शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याची विद्या त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या व मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली. स्तनातील गाठ आपल्यापैकी कितीजणी लाजेपायी लपवतात! त्याच दुखण्याचे मूळ बाई उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांतून शोधीत होत्या. (आपण उंदीर दिसताच पाटावर चढतो.) आनुवंशिकता, शरीरातील स्राव आणि विषाणू यांचा या रोगाशी असलेला संबंध त्यांनी तपासला.

१९७३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय महिला वैज्ञानिक संघटना निघाली; १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतरही स्वस्थ न बसता नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, खेड्यांतील बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. २००१ साली त्या निवर्तल्या.