चतुरांच्या मागे लागलेला डॉक्टर

फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हे नाव प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. आम्हा कला शाखेवाल्यांच्या कानी ते सहसा पडत नाही. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

१८८० साली इंग्लंडमध्ये जन्मलेले फ्रेझर पेशाने डॉक्टर होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये ते लेफ्टनंट कर्नल झाले. पण त्या हुद्द्यासाठी आज त्यांची आठवण कोण काढतो? नोकरी सांभाळून त्यांनी कूर्ग, निलगिरी, मलबारचे ओढे पालथे घातले, ते केवळ चतुरांसाठी! १९१८ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची भारतीय चतुरांवरील लेखमाला येऊ लागली.

त्यांच्या आधी या विषयातील थोर पुरुष म्हणजे बेल्जियमचे सेलिस लाँगशाँ. पण आपल्याकडील चतुर त्यांनी पाहिले ते टाचणीला टोचलेले, वाळलेले. चतुर मेला की त्याच्या डोळ्यांचे तेज जाते, अंगावरचे रंग काळवंडतात. फ्रेझर मात्र प्रत्यक्ष ओढ्याकाठी उभे होते. कोणता चतुर सावलीत बसतो, कोणता धबधब्याशी घुटमळतो, त्याची पिले पाण्यात कशी वाढतात, हे त्यांना जागेवर पाहता आले. माझ्या मते त्यांचे मोठेपण इथेच आहे. पंखांवरील शिरांची जाळी आणि नराच्या शेपटीच्या टोकाचे आकडे यांवरून त्यांनी एकेक जात वेगळी केली. कूर्गकडील एका जातीला त्यांनी १९२४ साली समकालीन अभ्यासक लेडलॉ यांचे नाव दिले.

या साऱ्याचे फलित म्हणजे १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघालेले ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे तीन खंड. अभ्यासकांना आजही ते उघडावेच लागतात. पुढे टिलयार्ड यांच्यासोबत हाती घेतलेले जगभरच्या चतुरांचे वर्गीकरण, १९३७ मध्ये टिलयार्ड अपघातात गेल्यावर, फ्रेझर यांनी एकट्याने तडीस नेले.

एक गोष्ट मात्र मला सलते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या वडिलांना शेतावरचे चतुर रोज दिसतात, पण त्यांच्यावरचे हे खंड इंग्रजीत, नावे लॅटिनमध्ये! याचा दोष फ्रेझर यांना देता येणार नाही. ते त्यांच्या भाषेत लिहिणार. मराठीत ते कोणी आणायचे, हा प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे.

१९६३ साली फ्रेझर इंग्लंडमध्ये वारले. त्यांनी गोळा केलेले बरेच चतुर लंडनच्या संग्रहालयात आहेत.