डॉक्टर अल्झायमर आणि माझी आजी

मराठी विभागासाठी काहीतरी दे म्हणून एडिटर मागे लागली तेव्हा मी आधी चक्क नाही म्हणाले होते. केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि परीक्षेत कसेबसे मार्क. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण ज्यांच्याविषयी लिहितेय त्यांचं नाव आपण सगळेच येताजाता घेतो. कुणी मेसचं कार्ड विसरलं, कुणी सबमिशनची तारीख विसरलं, की त्याला अल्झायमर झाला म्हणून आपण मोकळे! मीही म्हणायचे. हे एका माणसाचं आडनाव आहे हे मला सेकंड इयरपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ चा, जर्मनीत बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या छोट्या गावातला. वडील नोटरी. शिक्षण बर्लिन, ट्यूबिंगन आणि वुर्झबर्ग इथे झालं. कॉलेजात असताना हे गृहस्थ तलवारबाजी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळात होते, आणि त्या काळची खूण म्हणून चेहऱ्यावर एक वण कायमचा राहिला. १८८७ साली डॉक्टर झाले. प्रबंधाचा विषय काय, तर कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथी! आपल्या सेमिनारचे टॉपिक ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात नोकरीला लागले. तिथले प्रमुख होते एमिल सिओली. रुग्णांना बांधून, कोंडून ठेवायचं नाही असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी फ्रान्झ निसल आले. मेंदूच्या पेशींना रंग देऊन त्या स्पष्ट दिसतील अशी पद्धत या निसलने काढली, आजही ती त्यांच्याच नावाने चालते. दोघांची दोस्ती जमली. दिवसभर वॉर्डात रुग्ण आणि रात्री मायक्रोस्कोप, असा दिनक्रम. अल्झायमर यांनी सेसिली नावाच्या एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं, तीन मुलं झाली. पण १९०१ साली सेसिली वारली.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्ट डेटर नावाची बाई त्या रुग्णालयात भरती झाली. वय फक्त ५१. नवरा रेल्वेत क्लार्क. आधी ती नवऱ्यावर उगाच संशय घ्यायला लागली, मग स्वयंपाक बिघडायला लागला, मग वस्तू लपवून ठेवणं, घरभर भटकणं. दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्यासमोर बसले आणि एकेक साधा प्रश्न विचारत गेले. नाव काय, तर ते बरोबर सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर पुन्हा स्वतःचंच. पेन्सिल, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखवल्या तर तिने ओळखल्या, पण थोड्या वेळाने काय दाखवलं होतं ते आठवेना. जेवताना ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं, ती म्हणाली पालक खातेय. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर मध्येच थांबली. अल्झायमर यांनी हे सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. ना हसले, ना चुका सुधारत बसले.

इथे मला थांबावं लागतं, कारण असे प्रश्न मीही विचारले आहेत.

माझी आजी ७६ वर्षांची. अख्ख्या आळीच्या भिशीचा हिशोब तोंडी ठेवणारी. फर्स्ट इयरच्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा तिने अर्ध्या तासात तीनदा विचारलं, कधी आलीस गं. चौथ्यांदा विचारल्यावर मला गंमत सुचली. चुलत भावंडांसमोर मी तिची परीक्षाच घ्यायला लागले. आज वार कुठला, पंतप्रधान कोण, माझं नाव काय. माझं नाव तिने बेबी सांगितलं. बेबी म्हणजे माझी आत्या. सगळे खो खो हसले, आजीही हसली, आणि मग उठून देवघरात जाऊन बसली ती जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आली नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले वय झालंय, चालायचंच. घरीही सगळ्यांनी साठी बुद्धी नाठी म्हणून विषय संपवला.

हे वय झालंय प्रकरण अल्झायमर यांच्याही काळात होतंच. म्हातारपणी बुद्धी जाते हे सगळे डॉक्टर धरूनच चालत. पण ऑगस्ट म्हातारी नव्हती, म्हणूनच ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही. १९०२ मध्ये ते हायडेलबर्गला आणि पुढच्या वर्षी म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले, तरी फ्रँकफर्टमधल्या या पेशंटची चौकशी ठेवत. ८ एप्रिल १९०६ ला ती वारली. सिओलींनी तिचे कागद आणि मेंदू म्युनिकला पाठवला.

आता केमिकलवाल्यांसाठी. मेंदूचे पातळ काप घ्यायचे आणि सिल्व्हर नायट्रेटची प्रक्रिया करायची. जुन्या फोटोग्राफीसारखंच, चांदी विशिष्ट जागी बसते आणि तिथे काळं दिसतं. बिल्शोव्स्की यांची ही पद्धत तेव्हा नवीकोरी होती. तिच्यामुळे दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर ठिकठिकाणी साचलेले गोळे, ज्यांना आज प्लाक म्हणतात, आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते, सुताची लडी मांजराने विस्कटावी तसे. काही ठिकाणी पेशी मरून गेलेली आणि गुंता तेवढा शिल्लक. प्लाक आधीही काहींनी पाहिले होते, गुंत्यांचं वर्णन मात्र यांनीच पहिल्यांदा केलं.

३ नोव्हेंबर १९०६ ला ट्यूबिंगनला मनोविकारतज्ज्ञांच्या बैठकीत त्यांनी हे सगळं मांडलं. पुढे काय झालं असेल? काहीच नाही! एकानेही प्रश्न विचारला नाही आणि अध्यक्षांनी पुढचा वक्ता बोलावला. पेपर प्रेझेंटेशननंतर हॉलमध्ये जी शांतता पसरते ती आपल्याला चांगली माहीत आहे. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या आजाराला अल्झायमर यांचं नाव देऊन टाकलं. प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनीही १९०७ मध्येच, तेही म्हाताऱ्या रुग्णांच्या मेंदूत, असे प्लाक दाखवले होते. त्यांचं नाव कुणाला ठाऊक आहे? १९४२ मध्ये नाझींच्या कैदेत थेरेझिनला त्यांचा अंत झाला. विसरण्याच्या आजारावर काम केलं आणि स्वतःच विसरले गेले.

म्युनिकला अल्झायमर यांनी सुरुवातीला पगाराशिवाय काम केलं, म्हणजे पैसे बायकोकडून आलेले. पण शिकवायला पक्के. एकेका विद्यार्थ्याशेजारी बसून मायक्रोस्कोपमधून दाखवत, बोलता बोलता हातातला सिगार टेबलावर ठेवत आणि पुढच्याकडे जात. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एक अर्धवट सिगार सापडे म्हणतात. लेवी, क्रॉइट्सफेल्ट, याकोब या त्यांच्याकडे काम केलेल्या मंडळींची नावंही पुढे आजारांना लागली.

१९१२ मध्ये ब्रेस्लाऊला (आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ) प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. पण तिकडे जाताना ट्रेनमध्येच ते आजारी पडले आणि पुढे प्रकृती सुधारलीच नाही. १९ डिसेंबर १९१५ ला गेले. वय ५१, ऑगस्ट भरती झाली तेव्हा तिचं होतं तेवढंच. फ्रँकफर्टला सेसिलीशेजारी त्यांना पुरलं.

त्यांच्यानंतर मात्र उलटंच झालं. हा आजार कमी वयातल्यांचा, दुर्मीळ, असं ठरलं, आणि म्हाताऱ्यांना जे होतं ते नुसतं वय. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्ध माणसांची आधी तपासणी करून मृत्यूनंतर मेंदू पाहिले. जेवढे प्लाक जास्त, तेवढी स्मरणशक्ती आणि रोजची कामं जास्त बिघडलेली. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून लिहिलं की ५१ वर्षांच्या बाईचा आणि ८० वर्षांच्या म्हातारीचा आजार एकच. म्हणजे तालुक्याचे डॉक्टर पन्नास वर्षं मागे!

आणि १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी सुरू केलेला तो ननचा अभ्यास. हा वाचताना मला आमच्या शाळेतल्या सिस्टर्स दिसायला लागल्या. अमेरिकेतल्या एका संघाच्या ६७८ सिस्टर्स, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. दरवर्षी परीक्षा द्यायला आणि मृत्यूनंतर मेंदू द्यायला तयार झाल्या. साधारण बाविशीत त्यांच्यातल्या अनेकींनी लिहिलेले आत्मवृत्ताचे निबंध कॉन्व्हेंटमध्ये जपून ठेवलेले होते. ज्यांच्या निबंधात विचार दाटीवाटीने आलेले, त्यांच्यात म्हातारपणी हा आजार कमी दिसला. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, यावर वाद आहे. सिस्टर मेरी तर १०१ व्या वर्षी वारल्या तोपर्यंत चाचण्यांत चांगले मार्क मिळवत होत्या, आणि मेंदूत पाहिलं तर प्लाक आणि गुंते दोन्ही भरपूर.

ऑगस्टची फाईल हरवली होती, ती १९९५ च्या डिसेंबरमध्ये फ्रँकफर्टमध्ये सापडली. मला हे सारे प्रश्न-उत्तरं वाचायला मिळाली ती त्यामुळेच. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली, पण ते आजाराच्या सुरुवातीलाच उपयोगी, आणि आजार फक्त थोडा मंदावतं. आजीसाठी ते नाही, हे शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टनी बाबांना सांगितलं.

गेल्या सुट्टीत मी वही घेऊन गेले. आजीने माझ्या आजोबांचं नाव कधी सरळ घेतलेलं नाही, त्यांच्या पिढीत घेतच नसत, त्यामुळे ऑगस्टला विचारलेला प्रश्न तिला विचारून उपयोग नव्हता. मी उखाणा घे म्हटलं. तिने पदर नीट केला आणि अख्खा उखाणा घेतला, कुठेही न अडखळता. पहिल्या पानावर मी तारीख घातली. खाली लिहिलं, सकाळी चहात दोनदा साखर. मला बेबी म्हणाली. मी ओ दिली. उखाण्यात नाव बरोबर.