संत गोन्सालो गार्सिया

उत्तर कोकणात समुद्राच्या काठी वसईचा जुना किल्ला उभा आहे. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. त्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या काळात, इ. स. १५५७ च्या सुमारास, वसईस गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते व आई याच भूमीतील होती.

जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंजवळ त्यांचे शिक्षण झाले. हे धर्मगुरू धर्मप्रसारासाठी दूर जपान देशी जात असत. पंधरा-सोळा वर्षांचे गोन्सालोही त्यांच्याबरोबर निघाले. तो शिडाच्या जहाजांचा काळ होता. वारा अनुकूल असेल तर जहाज पुढे जाई, नाहीतर महिनोन्महिने बंदरात पडून राही. वाटेत वादळे व चाचे यांचे भय नित्याचेच होते. असा प्रवास करून इ. स. १५७२ मध्ये ते जपानला पोहोचले.

तो देश त्यांना सर्वस्वी नवा होता. घरे लाकडाची, सरकत्या दारांना कागद लावलेला. पादत्राणे बाहेर काढून आत जावयाचे, चटईवर बसावयाचे आणि दोन काड्यांनी भात उचलून खावयाचा. भात व मासळी हे वसईच्या मुलाचे ओळखीचे अन्न होते. मात्र भाषेचा एक शब्दही ओळखीचा नव्हता. त्यातून या भाषेत वडीलधाऱ्यांशी बोलण्याची रीत निराळी, बरोबरीच्यांशी बोलण्याची निराळी. चुकीचा शब्द गेला तर ऐकणाऱ्याचा अपमान होई. गोन्सालो यांनी ही भाषा लोकांत मिसळून आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे ते धर्मगुरूंचे साहाय्यक होते. त्यांच्या गोड स्वभावामुळे लहानथोर त्यांच्याकडे ओढले जात.

आपणही जेझुइट संघाचे सभासद व्हावे, अशी त्यांची मनीषा होती. परंतु ती सफल झाली नाही. तेव्हा निराश होऊन ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी व्यापार आरंभिला व त्यात चांगला जम बसविला. तथापि संपत्तीने त्यांचे मन भरले नाही. पुढे फिलिपाइन्समधील मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंशी परिचय झाला. त्यांचे साधे, निर्धन व सेवामय जीवन पाहून गोन्सालो यांनी व्यापार सोडला आणि ते त्या संघात बंधू म्हणून दाखल झाले.

इ. स. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील पाठविले. पेद्रो बाप्तिस्ता हे त्यांचे प्रमुख होते व गोन्सालो हे दुभाषे. दुभाष्याचे काम मोठे जोखमीचे. दोन राज्यांमधील सख्य किंवा वैर त्याच्या एका शब्दावर अवलंबून असे. गोन्सालो यांनी ते काम चोख बजावले. साधूंना क्योटो नगरीत राहण्याची अनुज्ञा मिळाली. तेथे त्यांनी मठ व प्रार्थनामंदिर बांधले आणि ज्यांच्या जवळ जाण्यास कोणी धजत नसे, अशा महारोग्यांसाठी रुग्णालय उघडले.

परंतु इ. स. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे एक स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील मालाच्या जप्तीवरून तंटा उद्भवला. स्पेनचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवितो व मागाहून सैन्य आणतो, असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला. युरोपीय सत्तांनी आशियात ठिकठिकाणी राज्ये स्थापिली होती. त्यामुळे हा संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. मात्र त्याची शिक्षा रुग्णसेवा करणाऱ्या निःशस्त्र माणसांना भोगावी लागली.

गोन्सालो व त्यांचे सहकारी पकडले गेले. क्योटो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. नंतर ऐन हिवाळ्यात त्यांना सुमारे ८०० किलोमीटर दूर असलेल्या नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ज्या वाटांवर गोन्सालो तरुणपणी उत्साहाने हिंडले, त्याच देशाच्या वाटांवरून ते आता कैदी म्हणून चालले होते. बंदिवानांची संख्या वाटेत सव्वीस झाली. त्यांत वीस जण जपानी होते. सर्वांत लहान लुईस अवघा बारा वर्षांचा होता. धर्म सोडल्यास प्राण वाचला असता. पण एकानेही तो सोडला नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

इ. स. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेल्या व्यक्तीस हा मान प्रथमच लाभला. नागासाकीच्या त्या टेकडीवर इ. स. १९६२ मध्ये सव्वीस जणांचे स्मारक उभारण्यात आले. वसईतील एक महाविद्यालय त्यांचे नाव धारण करून आहे. परक्यांची भाषा शिकून त्यांच्यातील दीनदुबळ्यांना आपले मानणारा हा वसईचा सुपुत्र दोन्ही देशांत आदरास पात्र ठरला आहे.